उभा रेडिओ, डावी पाकळी

गोवा राज्य झालं त्या साली सर्वणच्या गोकुळदासाकडे एक अजब रेडिओ आला. बटण म्हणून त्याला नव्हतंच. उभा केला की बोलायचा, आडवा केला की गप्प! नार्व्याच्या बाबलीने तो बोटीवरच्या नोकरीतून आणला होता आणि गोकुळदासाच्या वत्सलेला मागणी घालायला आला तेव्हा भेट दिला होता. तेव्हापासून शेतात, बाजारात, न्हाव्याकडे, गोकुळदास जाईल तिथे काखेत रेडिओ. लग्नाचं मात्र अडलेलंच, कारण देवाचा कौल घेतल्याशिवाय हा गृहस्थ म्हशीचं दावंही बदलत नसे.

वत्सलेचा जीव टांगणीला लागला. तिला बाबलीच हवा होता, आणि तो सोमवारी बोटीवर परत जाणार होता.

शेवटी एका सकाळी सगळे देवळात जमले. गोकुळदासाने रेडिओ पायाशी आडवा ठेवला. बाबाजी गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं सुरू झालं.

"लेकराचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

नमस्काराला पुढे सरकताना गोकुळदासाचा पाय रेडिओला लागला. भेटीच्या वस्तूला पाय, तोही देवापुढे! त्याने चटकन रेडिओ उचलून कपाळाला लावला. लावला तो नेमका उभा. दंतमंजनाची जाहिरात देवळात दणाणली, गुरव दचकला, त्याचा हात मूर्तीला लागला आणि डावी पाकळी खाली आली.

"नकार," रेडिओ आडवा करत गोकुळदास म्हणाला. "देवाची मर्जी."

"देवाची कसली, बाबा? गुरवाच्या धक्क्यान पडली ती!" वत्सला म्हणाली.

"परत लावूया," गुरव ओशाळून म्हणाला.

"देवाक दोनदा विचारूचा नसता."

वत्सला अशी संतापली की चार माणसांची लाजही उरली नाही. "मगे बाबलीचो रेडिओ आजच परत कर. मोडलेल्या सोयरिकीची भेट घरात कशाक?"

"ता खरा हां," तिची आई देवकी म्हणाली.

गोकुळदासाचं तोंड एवढंसं झालं. रेडिओ काखेत घट्ट धरून त्याने देवाकडे बघितलं. मग त्याने घसा खाकरला.

"गुरवा, तुझो हात लागलोच रे. परत लाव बघू."

या वेळी उजवी पडली. देवकीने पदराने डोळे पुसले, बायका वत्सलेला बाबलीच्या नावाने चिडवू लागल्या. वत्सलेला आनंद झाला, खूप झाला. पण देवळाच्या पायऱ्या उतरताना तिला रडूच फुटलं. तिच्यासाठी बापाने देवाला एकदाच विचारलं होतं.