नवसाबाईला उठवणार कोण?

श्यामला गायधनीला दोन प्रकारची माणसं भेटायची. एक म्हणायची, "टीव्हीवर इतकं चाललंय तुमचं, मग पोरांसाठी कशाला लिहिता?" दुसरी म्हणायची, "मुलांसाठी इतकं छान लिहिता, मग त्या टीव्हीच्या नादी कशाला लागलात?" पंचवटीच्या बाजारात कोथिंबीर निवडता निवडता ती दोघांनाही एकच उत्तर द्यायची, "हौस म्हणून." आणि पिशवी उचलून चालू लागायची. अठरा वर्षं विनोदी मालिका आणि अकरा बालपुस्तकं लिहिलेल्या बाईनं आणखी किती खुलासे द्यायचे?

पुस्तकांच्या बाबतीत मात्र तिचा एक कडक नियम होता. नवी गोष्ट छापायला देण्याआधी ती एसटीनं देवळा गावाजवळच्या एका शाळेत जायची आणि तिसरीच्या वर्गाला वाचून दाखवायची. पोरं चुळबुळ करायला लागली की तिथं काट. संपादकांशी ती तावातावानं भांडायची, पण तिसरीपुढं मुकाट मान तुकवायची. टीव्हीला असली परीक्षा नव्हती. तिथं हशा मागाहून चिकटवला जायचा.

त्या आठवड्यात वाहिनीच्या नव्या साहेबाचा, श्रेयसचा, फोन आला. मालिकेतली मोलकरीण नवसाबाई तेलावरून घसरून पडते आणि अख्खं घर हसतं, असा प्रसंग त्याला हवा होता. "दर भागात एकदा तरी पडली पाहिजे, मॅडम. नाहीतर आम्हाला दुसरा लेखक बघावा लागेल."

श्यामला चिडली, पण घर त्या मालिकेवरच चालत होतं. तिनं निमूटपणे प्रसंग लिहिला आणि खरं सांगायचं तर झकास लिहिला.

बुधवारी शाळेत सतरंजीवर बसून तिनं फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. तिच्या दोन्ही फायली निळ्या. गोष्टीची घरी राहिली होती, हातात मालिकेची आली होती. वर्गशिक्षिका हर्षालीबाई म्हणाल्या, "जे असेल ते वाचा ना ताई. पोरं सकाळपासून वाट बघताहेत."

श्यामलानं वाचलं, अगदी आवाज काढून वाचलं. नवसाबाई घसरली, ताट उडालं, घरातली माणसं हसून लोळली. तिथं ती थांबली. हशाला जागा सोडायची तिला सवयच होती.

कोणी हसलं नाही. कोणी चुळबुळही केली नाही. पुढच्या ओळीतली वैष्णवी तेवढी म्हणाली, "मंग तिला उठवलं कोणी?"

श्यामलानं पान उलटलं. तिथं दुसराच प्रसंग होता. "कोणी नाही," ती म्हणाली.

"लागलं नाय का तिला?"

"ते मी लिहिलं नाही."

"मंग आत्ता लिव्हा ना," वैष्णवी म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

इतकी लाज श्यामलाला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिनं पेन काढलं. मग सगळा वर्गच सांगायला लागला आणि तिनं त्यांच्यासमोर लिहिलं. नवसाबाई उठते, पदर झटकते, खुर्चीवर बसते आणि सगळ्या घराकडून फरशी पुसून घेते. मालकांचा पाय तेलावरून सटकला तेव्हा वर्ग असा खिदळला की शेजारची चौथी खिडकीशी जमा झाली.

देवळ्याच्या स्टँडवरूनच तिनं पानांचे फोटो श्रेयसला पाठवले. लगेच फोन आला. "मॅडम, याला कोण हसणार?"

"छत्तीस जण हसले. माझ्यासमोर."

"पोरं आपला प्रेक्षक नाहीत. पहिलाच प्रसंग ठेवा."

"नाही ठेवणार. बघा दुसरा लेखक."

"ठीक आहे. पण नवसाबाई वाहिनीची आहे. तिला पुस्तकात वगैरे घातलंत तर केस होईल."

"करा! साक्षीला तिसरीचा अख्खा वर्ग घेऊन येते."

तिनं फोन पिशवीत टाकला. पुढच्या महिन्यात घर कसं चालणार, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. भीती वाटत होती आणि भलतीच मजाही येत होती. नाशिकची गाडी लागली. खिडकीजवळ बसून तिनं मालिकेचं एक पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर बाराव्या पुस्तकाचं पहिलं वाक्य लिहिलं.

"नवसाबाई उठली."