सुताराने पारखलेल्या दोन शाळा

आमच्या गावात सरकारी शाळा दोन. एक चढावर, एक उतारावर. दोन्हींची बाकं दुरुस्त करणारा सुतार मात्र एकच, तो मी. त्यामुळे लेकीला पहिलीत कुठं घालायचं असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी ताडकन उत्तर दिलं.

"वरच्या शाळेत. सहा वर्षांत तिथलं एक बाक माझ्याकडे आलेलं नाही. खालच्या शाळेतली दर दोन महिन्यांनी लंगडत येतात. तिथं पोरं शिकतात की कुस्त्या खेळतात?"

"बाकं शिकवतात का?" बायको म्हणाली. "आपली पोर घराबाहेर तोंड उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, कान ठीक, जीभ ठीक, नुसती बुजते. तिला कुठं बोलतं करतील ते बघा. अर्जाचा आज शेवटचा दिवस आहे. तिला घेऊन दोन्हीकडे जाऊन या."

बायकोपुढे माझं काय चालणार? गेलो.

वरच्या शाळेत हेडमास्तरांनी मोठ्या कौतुकानं एका खोलीचं कुलूप काढलं. आत बाकं एकावर एक रचलेली, पायांना अजून कारखान्याचं प्लास्टिक.

"साहेब तपासणीला आले की मांडतो," ते म्हणाले. "एरवी पोरं खराब करतात."

पोरं शेजारच्या वर्गात सतरंजीवर ओळीनं बसली होती, हाताची घडी, तोंडावर बोट. माझ्या लेकीनंही आपोआप ओठांवर बोट ठेवलं. सहा वर्षं मी ज्या शिस्तीचे गोडवे गात होतो, ती ही! स्वतःच्या अकलेचा असा राग क्वचितच आला असेल.

खालच्या शाळेत शिरलो तर नुसता गलका. पोरं बाकं ओढून गोल करत होती.

"गणिताला गोल, वाचनाला जोड्या," बाई हसून म्हणाल्या. "तुमचं काम वाढवतो आम्ही, दादा."

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी बाक एकटीच फरफटत घेऊन आली आणि माझ्या लेकीवर खेकसली, "बघतेस काय? धर की तिकडून!"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीकडे बघत राहिलो. ती हळूच पुढे झाली, तिनं बाकाचं दुसरं टोक धरलं. वेणीवाली पुन्हा ओढायला लागली.

"ओढू नको," लेक म्हणाली. "सांधा सुटतो. उचल."

आवाज बारीक होता, पण स्वच्छ. घराबाहेर तो मी पहिल्यांदा ऐकत होतो. डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. दोघींनी बाक उचलून नेलं आणि त्याच बाकावर बसल्या.

बाईंनी अर्ज पुढ्यात घेतला, पेनाचं टोपण काढलं.

"मुलीचं नाव काय?"

मी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"तिलाच विचारा, बाई," मी म्हणालो.