कुंडीत लावलेली अमरवेल

मी एक जुनी अमरवेल आहे मित्रांनो, आणि एका जागी स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

मला पान नाही, मातीत मूळ नाही. नुसता पिवळ्या दोऱ्यांचा गुंता. माझं बी टणक सालीचं, कितीतरी वर्षं मातीत पडून राहिलेलं. उगवले तेव्हा शिदोरी जेमतेम आठवड्याची. जिवाच्या आकांताने हवेत गोल गोल फिरले, हाती लागलेल्या फांदीला विळखा घातला, तिच्यात बारीक शोषकमुळं रोवली आणि खालचं इवलंसं मूळ वाळून गेलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या ताटात जेवते. कधीकधी लाज वाटते. पण भूक लागली की तीही विसरते.

पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. तिथले काका माझा तुकडा दरवर्षी नव्या झाडावर चढवत. मुलं माझा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघत बसायची. माझ्या बारीक पांढऱ्या फुलांचंही कौतुक व्हायचं. खालचं झाड सुकलं, तर त्याचं मात्र कोणी नावही काढत नसे.

यंदा काका आठवडाभर रजेवर गेले. त्यांच्या हाताखाली नव्याने लागलेल्या ताईंना माझी दया आली. बिचारी पिवळी पडलीय, पानं झडलीत, असं समजून त्यांनी मला सुकत चाललेल्या कोरांटीवरून अलगद सोडवलं आणि छान खत घातलेल्या कुंडीत लावलं. कोरांटी टाकून दिली. मला मात्र दोन्ही वेळ पाणी. त्या ओल्या मातीत मी उपाशी होते! टोकं उचलून चहूकडे चाचपडत होते, तर हाती लागला खिडकीचा गज.

काका आले आणि कपाळाला हात लावून बसले. मला झाड हवं होतं, तेही आजच. जवळ एकच होतं, ताईंनी घरून आणलेली, काडीपासून वाढवलेली जास्वंद.

"काका, माझी जास्वंद मरेल?"

"जपलीस तर तगेल. पण दोघींचं तुलाच बघावं लागेल."

ताईंनी जास्वंदीची कुंडी उचलून माझ्याजवळ आणून ठेवली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझे उरलेले दोरे जास्वंदीला गुंडाळले.

चार-पाच दिवसांनी मला पहिला घोट मिळाला. पुढच्याच आठवड्यात जास्वंदीची कळी न उमलताच गळाली. ताईंनी ती उचलली, मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून मित्रांनो, माझी काळजी वाटली तर मला पाणी घालू नका. माझ्या खाली जी उभी आहे, तिला घाला. आणि मी फार पसरले, तर खुशाल कात्री लावा. मला आपणहून थांबता येत नाही.