सुपडू वगळून आम जनता

सुरतेजवळ उधन्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांवर, बारा वर्षं रात्रपाळी करून सुपडूने एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे दहा बाय बाराची खोली. तिचं छप्पर गळायचं, एवढं सोडलं तर तिच्यात खोट नव्हती. पुढचं सगळं त्या छपरापायीच झालं.

भुसावळकडच्या पॅसेंजरमधून खानदेशची माणसं उतरायची आणि काम मिळेपर्यंत सुपडूच्या खोलीत पडायची. हे सुपडूच्या शेठच्या कानावर गेलं आणि त्याला दया आली. नवे पत्रे देतो म्हणाला, फक्त दान करमाफ पाहिजे. "सर्टिफिकेट लावो, पतरां लई जाव."

आणायचं ते सर्टिफिकेट कुठल्या दुकानात मिळतं हे सुपडूला माहीत नव्हतं. लूमवरचा सोबती हिलाल त्याला मधुकररावांकडे घेऊन गेला. मधुकरराव मूळचे नाशिकचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. लोकांचे अर्ज ते फुकट लिहून द्यायचे आणि अर्ज फेटाळला गेला तर दोन दिवस जेवायचे नाहीत.

"धर्मादाय ट्रस्ट करावा लागेल," ते आनंदाने म्हणाले. "ट्रस्टला मालमत्ता लागते. काय आहे तुमच्याकडे?"

"खोली शे, साहेब."

"लिहू?"

"लिखा ना." सुपडूला वाटलं, पत्ता लिहिताहेत.

सात पानी इंग्रजी दस्त झाला. मधुकररावांनी जिथे बोट दाखवलं तिथे सुपडूने सही केली. आठ महिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवल्यावर, चौऱ्याहत्तरच्या मार्चात करमाफीचा कागद आला, त्यामागोमाग पत्रे आले. हिलालने पेढे वाटले. मग मधुकररावांनी सगळ्यांना खोलीत बसवून दस्ताचा अर्थ मराठीत सांगितला.

खोली आता आम जनतेची होती. एका जातीपुरती ठेवली तर माफी मिळत नाही, म्हणून कुठल्याही जातीच्या, कुठल्याही गावच्या गरजूला तीन दिवस राहता येणार होतं.

"बठा येवोत," सुपडू सगळ्यांसाठी हात पसरत म्हणाला. "एका कोपऱ्यात मी झोपीन."

"तुम्हाला नाही झोपता येणार," मधुकरराव म्हणाले. "ट्रस्ट करणारा आणि त्याचे नातेवाईक, यांना ट्रस्टचा फायदा घेता येत नाही. घेतला की माफी गेली."

"मी नुसता झोपस, साहेब."

"झोप हा फायदाच आहे."

सुपडूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टेचं नावही नव्हतं तिथे. "मग हाई रद्द करा. मनी खोली शे ती."

"रद्द करता येणार नाही असं मी पान चारवरच लिहून ठेवलंय," मधुकरराव म्हणाले. "रद्द होणाऱ्या ट्रस्टला माफीच मिळत नाही. हे कलम भलेभले विसरतात."

"सुपडूभो," हिलाल म्हणाला, "तुले सोडीसन बठी दुनिया आठे झोपू शकस! असा मान कोनले भेटस?"

शेठने तर साफ सांगितलं, माफी गेली तर नोकरीही गेली. त्यामुळे रात्रपाळी संपली की सुपडू ओट्यावर आडवा व्हायला लागला. तिसऱ्या दिवशी मधुकररावांनी चतुःसीमा वाचून दाखवली. मालमत्ता 'ओट्यासह' होती. सुपडू गटाराच्या पलीकडे, शेजारच्या कारखान्याच्या भिंतीलगत सरकला. तिथून त्याला आपल्या खोलीत घोरणारी आम जनता नीट ऐकू यायची.

हेही त्याने सोसलं असतं. पण गावी सासू वारल्यामुळे त्याची बायको धुरपदाबाई अमळनेरकडून कायमची यायला निघाली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यात दोघं एका छपराखाली राहिले ते सगळे मिळून पाच-सहा महिने. खोली घेतली होती ती तिच्यासाठीच. खोली आपली राहिली नाही, हे पत्रात कसं लिहितात ते सुपडूला सुचलं नाही, म्हणून त्याने 'ये' एवढंच लिहिलं.

ती सकाळी आली, डोक्यावर ट्रंक घेऊन, आणि हिलालने दाखवलेल्या खोलीत सरळ शिरली. सुपडू पाळी संपवून पोचला तेव्हा मधुकरराव रोजच्यासारखं मुक्कामाला आलेल्यांचं रजिस्टर तपासत होते. पाय उंबऱ्याशी येताच त्याला सवयीने ब्रेक लागला.

"बाई, नाव?"

"धुरपदा."

"नवऱ्याचं नाव?"

धुरपदाबाईने पदर पुढे ओढला. "मी नाव नही लेस."

"अहो, नियम आहे."

"मी नाव नही लेस," ती भिंतीला म्हणाली. चौदा वर्षांत तिने ते घेतलं नव्हतं. एका हेडक्लार्कसाठी घेणार नव्हती.

मधुकररावांनी सुपडूकडे पाहिलं. सुपडूने पत्र्यांकडे पाहिलं. हिलालला एकदम खोकला आला.

मधुकररावांनी लिहिलं: 'पतीचे नाव सांगितले नाही. संस्थापकाशी नाते आढळले नाही. तीन दिवस.' मग त्यांना एक नवीन काळजी लागली. एकटी बाई मुक्कामाला असताना आत पुरुष असणं संस्थेच्या अब्रूला शोभत नव्हतं. त्यांनी जागेवरच नियम केला. आम जनतेने वळकट्या गुंडाळल्या आणि पुटपुटत ती बाहेर पडली. मधुकरराव कचेरीत गेले.

खोली रिकामी झाली. आत फक्त सुपडूची बायको होती आणि बाहेर फक्त सुपडू होता.

जरा वेळाने ती भाकरी बांधून बाहेर आली, ओटा उतरली, गटार ओलांडून त्याच्याशेजारी भिंतीला टेकली. त्याने खोलीचं सगळं सांगितलं, तेव्हा तिने भाकरी सोडून त्याच्यापुढे ठेवली. पीठ गावाकडचं होतं, तेव्हा भाकरीत ट्रस्टचा काही फायदा नव्हता. सुपडूने पोटभर खाल्ली.

"तीन दिन व्हयनात का मंग?" तिने विचारलं.

"मंग आठेच. मनापाशी." त्याने आपल्या शेजारची जमीन थोपटली.

धुरपदाबाईने गटार आणि भिंत यांच्यामधली जागा पाहिली. उठली, आत जाऊन ट्रंक घेऊन आली, भिंतीशी आडवी ठेवली, आणि उरलेल्या जागेत दोन माणसं मावतात का ते हाताने मोजू लागली.