नऊ दाबा

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे आणि आज मी भयंकर चिडलेलो आहे. विमानाच्या तिकिटांच्या या छोट्या दुकानात, दुकान चालवणाऱ्या ताईंच्या टेबलावर मी अठरा वर्षे काढली. कारखान्यात माझे एकेक बटण दाबून पाहिले, मगच मला पास केले होते. इथे आलो तेव्हा ताई मला रोज फडक्याने पुसत. "याच्यावर आवाज किती स्वच्छ येतो!" असे कुणी म्हटले, की प्लास्टिकचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग मोबाइल आले. माझ्या डोक्यावर स्टेपलर आणि कागदांचा ढीग आला. एकदा ताईंचा चहा माझ्यावर सांडला. त्यांनी वरवर पुसले आणि "चालतंय की" म्हणून सोडून दिले. तेव्हापासून माझे नऊचे बटण चिकटून बसले.

गेल्या गुरुवारी दुपारी एक काका तणतणत दुकानात आले. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. त्यांच्या बहिणीचे सोमवारी सकाळी आठला हृदयाचे ऑपरेशन होते. काकांचे विमान रविवारचे. विमान कंपनीने ते परस्पर सोमवार दुपारवर ढकलले होते.

"अक्का म्हणते, तू दिसल्याशिवाय मी आत जाणार नाही. आणि हे कंपनीवाले मेसेजमध्ये म्हणतात, 'मान्य' दाबा!"

"दाबलंत का?" ताईंनी घाबरून विचारले.

"अजून नाही."

"दाबूही नका. एकदा मान्य केलं की ते हात झटकून मोकळे."

ताईंनी मोबाइलवरून कंपनीला लावलेला फोन दोनदा कटला, तेव्हा कुठे त्यांना माझी आठवण झाली. "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे," हे वाक्य कंपनीने चाळीस मिनिटे माझ्या तोंडून वदवले. मोलाचा होता, तर उचलत का नव्हते? माझा तिळपापड झाला. शेवटी सूचना आली, "अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी नऊ दाबा." ताईंनी दाबले. नऊ हलेना. फोन कटला.

"मेलं हे बटण!" ताईंनी रिसीव्हर आपटला. चहा कुणी सांडला होता?

"आपटून काय होणार? द्या इकडे," काका म्हणाले. त्यांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, मला उघडले आणि ताईंच्या सॅनिटायझरने चहाचा चिकटा पुसून काढला. नऊ टक्कन वाजले.

पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तीच वाट पाहणे. मग पलीकडे एकदाचा माणूस आला. "सिस्टीममध्ये एवढाच पर्याय दिसतोय, मॅडम."

"शनिवारी संध्याकाळी तुमच्याच विमानात सहा जागा रिकाम्या आहेत. मला दिसतायत. वेळ तुम्ही बदललीत, आम्ही नाही. काकांना त्यात बसवा."

"तसं करता येत नाही."

"मग तसं लेखी द्या आणि तुमचं नाव सांगा. मी फोन ठेवणार नाही."

पलीकडे कीबोर्डची टकटक सुरू झाली. मग आवाज आला, "शनिवार, सव्वासहा. झालं." काकांनी स्क्रूड्रायव्हर परत खिशात ठेवला.

मंगळवारी कितीतरी महिन्यांनी मी वाजलो. काकाच होते. "अक्कानं मला बघितलं, मगच आत गेली. शुद्धीवर आलीय हो!" ताईंनी आधी डोळे पुसले, मग मला पुसले.

तरी माझा राग गेलेला नाही. मित्रांनो, वस्तूवर काही सांडले तर तेव्हाच नीट पुसा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी त्या पलीकडच्या खुर्चीत बसलात, तर फोन उचला. इकडे ताटकळणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर नसतो.