नव्या पत्र्याची चमक

आयुष्यभर लोकांच्या छपरांचा गंज खरवडणारा पत्रेवाला साठीला टेकल्यावर स्वतःच्या नव्याकोऱ्या पत्र्यांना म्हातारं करायला निघाला. याला काय म्हणावं? पण झालंच होतं तसं.

त्याच्या दुकानासमोर, गल्लीच्या पलीकडे माडीवर शिवणवाल्या बाई राहायच्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, याचं लग्नच राहून गेलेलं. त्या खिडकीत मशीन घेऊन बसायच्या, हा खाली दारात पत्रा ठोकायचा, आणि घडीघडी याची मान वर जायची. बोलणं म्हणाल तर "आज उकडतंय फार" यापुढे कधी गेलं नाही. तेवढ्यावर गडी खूश. मग त्याने दुकानावर नवे जस्ती पत्रे घातले आणि दुसऱ्याच दिवशी त्या खिडकीला जाड पडदा लागला.

त्याला चैन पडेना. घास गिळवेना. आपलं काय चुकलं, हेच डोक्यात. शेवटी शेजारी राहणाऱ्या त्याच्या ताईलाच कीव आली.

"अरे शहाण्या, तुझ्या छपरावरचं ऊन सकाळी थेट तिच्या डोळ्यांत जातं. सुईत दोरा कसा ओवायचा तिनं?"

"मग करू काय?"

"काही करू नकोस. वर्ष-दोन वर्षांत मळतोच पत्रा."

वर्ष-दोन वर्षं! बोलायला हिचं काय जातंय? इथे त्याला एक दिवस ढकलवत नव्हता.

तो शिडी लावून वर चढला. साबणाच्या पाण्याने पत्र्यांचं तेलकटपण काढलं, पॉलिश पेपरने घासले, मग व्हिनेगरमध्ये मीठ विरघळवून ब्रशने फासलं. जस्ताला आंबट लावू नका म्हणून गिऱ्हाइकांवर डाफरणारा हाच तो. हळूहळू चमक उतरली, करडे-पांढरे डाग धरले. धुऊन खाली आला आणि वाट बघत बसला.

सकाळी ऊन आलं. पत्रे अगदी मुके, चमक म्हणून नाही. पडदा मात्र जागचा हलला नाही. कमी पडलं असेल, म्हणून पुन्हा ब्रश घेऊन वर गेला.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. छपरावरून ती खिडकी अगदी समोरासमोर होती.

"अहो, किती नासवाल चांगला पत्रा?"

"तुमच्या डोळ्यांवर ऊन येत होतं ना."

"ते सकाळी तासभर. पडदा दिवसभर होता," बाई म्हणाल्या. "म्हटलं, मी दिसले नाही तर आता तरी जिना चढून विचारायला याल. तर तुम्ही छपरावर चढलात."

त्याच्या हातातला ब्रश ठिबकत राहिला.

"तुम्ही दिसला नाहीत की मला करमत नाही," तो म्हणाला. "आजचं नाही हे. किती वर्षांचं आहे."

बाईंनी पडद्याची दोरी सोडली आणि आख्खा पडदाच उतरवून घेतला.

"मग हात धुऊन या वर. आंबट वास इथपर्यंत येतोय."