गादीवाल्याची सीट

मी सायकलची सीट बोलतेय. माझी आणि माणसांची ओळख होते ती त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवल्यावरच, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यांबद्दल मला फारसं विचारू नका. बाकी पुष्कळ सांगता येईल.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचं कवच, त्यावर बोटभर फोम, वर काळं रेक्झिन आणि पोटाखाली दोन लोखंडी दांड्या. त्या दिवशी माझ्यासारख्या शेकडो सीटा निघाल्या आणि सगळ्यांचं माप एकच. माणसं चपला घेताना दोन पावलं चालून बघतात. सीट मात्र सायकलबरोबर येईल ती घेतात. मला याचं तेव्हाही नवल वाटायचं.

माझा मालक गादीवाला होता. सोफ्याच्या गाद्या आणि खुर्च्यांच्या बैठका शिवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की शुगर वाढली आहे, रोज तासभर सायकल चालवा, नाहीतर इन्सुलिन सुरू करावं लागेल. दिवसभर वीतभर लांबीची सुई हातात धरणारा हा माणूस इंजेक्शनच्या सुईला मात्र घाबरायचा. म्हणून तो दुसऱ्याच दिवशी सायकल घेऊन आला.

पहिले दोन दिवस तो मजेत होता. तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस मिनिटांत तो माझ्यावर चुळबुळ करायला लागला. पुढे सरक, मागे सरक, एका बाजूला कल. मग उतरला आणि झाडाखाली उभा राहून मांडीला चिमटे काढू लागला. बसण्याच्या जागी त्याला मुंग्या आल्या होत्या आणि नंतर तर तिथे काही जाणवेनासंच झालं होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने मला शिव्या दिल्या असत्या. हा पडला गादीवाला. त्याने दुकानातला मऊ फोम कापला आणि मला एक झकास कव्हर शिवलं. शिलाई इतकी सुबक की मी स्वतःवर खूश झाले. पण बधिरपणा वाढला. त्याने त्यावर दुसरं कव्हर चढवलं, मग तिसरं. मी उशीसारखी फुगले. आजारापेक्षा औषध जालीम म्हणतात, ते हेच.

मला आतून सगळं कळत होतं. त्याची बसायची दोन हाडं मऊ फोममध्ये रुतायची आणि मधला फोम वर येऊन नाजूक नसा दाबायचा. शिवाय माझं नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, आभाळाकडे होतं. पण सांगणार कोणाला?

याबद्दल तो घरी चकार शब्द बोलला नाही. दुखणंच असं होतं की चारचौघांत सोडा, बायकोलाही सांगायची लाज. आणि लाजेच्या खाली भीती होती. शुगर नसांमध्ये उतरली की अंग बधिर होतं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. तो चौकापर्यंत सायकल चालवायचा आणि तिथून हातात धरून घरी आणायचा.

एकदा बायकोने त्याला तसं येताना पाहिलं. हवा कमी आहे, असं तो म्हणाला. तिने खाली वाकून अंगठ्याने दोन्ही टायर दाबून बघितले.

"अहो, हवा तर भरपूर आहे. काय होतंय ते सांगा."

तो बराच वेळ माझ्यावरची धूळ झटकत राहिला. मग म्हणाला, "बसलो की खाली बधिर होतं. शुगर नसांत उतरलीय बहुतेक. सायकलचा उपयोग नाही आता."

ती रागावली नाही. तिने पदर खोचला आणि त्याला तसंच डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर तीच शेजारणीला सांगत होती, म्हणून मला कळलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, हे उतरल्यावर जातं का? दहा मिनिटांत जातं, असं तो म्हणाला. मग आधी सीट तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. तरीही राहिलं तर लगेच या.

सायकल दुरुस्तीचं दुकान एक बाई चालवायची. तिच्या हातात सदा पाना, म्हणून सगळे तिला पानाबाई म्हणायचे. तिने माझी तीन कव्हरं एकेक करून सोलली आणि हसू दाबलं. गादीवाल्याला ते लागलं.

"ताई, तीस वर्षं लोकांना बसवतोय मी."

"काका, सोफ्यावर लोक पाय थांबवून बसतात," ती म्हणाली.

तिने पायरीवर खोक्याचा पुठ्ठा टाकला आणि त्याला त्यावर गुडघे उचलून बसायला सांगितलं. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसले. गादीवाल्याने खिशातून आपलीच टेप काढली आणि खळग्यांमधलं अंतर मोजलं. तेरा सेंटीमीटर. मग टेप माझ्यावर धरली. मीही जेमतेम तेवढीच रुंद. म्हणजे त्याची हाडं माझ्या काठावरून घसरत होती आणि सगळा भार मधोमध येत होता.

टेप गुंडाळत तो हळूच म्हणाला, "गिऱ्हाइकाला बसवून बघितल्याशिवाय मी एक खुर्ची बाहेर सोडत नाही. स्वतःचं माप मात्र घेतलं नाही."

पानाबाईने मला काढून माझ्यापेक्षा बोटभर जास्त रुंद, जरा टणक सीट बसवली. पातळी दाखवणारी पाणसळ ठेवून ती सपाट केली. पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच उंची ठेवली. दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहायला सांगितलं, आणि सायकलची पॅड लावलेली चड्डी घ्यायला. तिच्या आत दुसरी घालायची नाही, शिवण रुतते. त्याने हे शाळेतल्या मुलासारखं ऐकून घेतलं.

जाताना त्याने मला हातात घेतलं आणि रेक्झिनवर अंगठा फिरवला. "ही वाईट नाही," तो म्हणाला. "माझ्या मापाची नव्हती. कुणाला बसली तर द्या." मग कव्हरं बगलेत मारून तो गेला.

तेव्हापासून मी या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. रेक्झिन एका कोपऱ्यात उललंय. गादीवाला सकाळी समोरून जातो, तासाने परत येतो, सायकलवर बसूनच. त्याला इंजेक्शन अजून लागलेलं नाही, हे त्याची बायको परवा पानाबाईला सांगत होती. मला आनंद झाला. वाईटही वाटलं, ते का लपवू? मी त्याच्या खाली होते तेवढे दिवस तो भीतच होता.

तुम्ही नव्याने सायकल शिकत असाल तर एवढंच ऐका. बधिर झालं तर दात-ओठ खाऊन सोसू नका, लाजून गप्प बसू नका, कोणाला तरी सांगा. आणि मी तुमच्या मापाची नसेन तर मला खुशाल उतरवा. मला राग येणार नाही. माझ्यामुळे कोणी सायकल सोडली, हे मात्र मला सोसणार नाही.